सुपरडोमवरच्या एनपार्टिशन कमांड : १८ वर्षांच्या वापरानंतरचे मत

३१ डिसेंबर २०२५ रोजी एचपी-यूएक्स ११आय व्ही३ या एचपीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित सपोर्ट संपला. ज्या इटॅनियम प्रोसेसरवर ती चालते, त्याची शेवटची खेप तर २९ जुलै २०२१ रोजीच कारखान्यातून बाहेर पडली होती. अशा वेळी या सिस्टीममधल्या कमांडचे परीक्षण लिहिणे म्हणजे वरातीमागून घोडे आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु सपोर्ट संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही. अडल्यावर विचारायला कोणी राहत नाही, एवढाच फरक पडतो. नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये २००७ पासून परवापर्यंत मी एक सुपरडोम, म्हणजे एचपीचा कपाटाएवढा मोठा सर्व्हर, सांभाळला. तो सोडताना मनात जे मत तयार झाले आहे, ते अशा यंत्राची जबाबदारी आज नव्याने अंगावर पडलेल्या कोणाला तरी उपयोगी पडेल, या हिशेबाने हे लिहीत आहे.

आधी एक खुलासा करतो. इथे पार्टिशन म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग नव्हेत, तर अख्ख्या यंत्राचे पाडलेले भाग. सुपरडोमच्या एका कपाटात आठ सेल बोर्ड बसतात. आमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक सेलवर प्रोसेसरचे चार सॉकेट आणि मेमरीच्या ३२ जागा होत्या, आणि ड्युअल-कोअर इटॅनियममुळे एका सेलवर आठ कोअर मिळत. दोन कपाटे जोडली की सोळा सेल आणि १२८ कोअर. काही सेलना कार्डांची एक पेटी जोडलेली असते, तिला आय-ओ चॅसिस म्हणतात आणि तिच्यात बारा स्लॉट असतात. या सगळ्या डोलाऱ्याला एचपीच्या भाषेत ‘कॉम्प्लेक्स’ असे नाव आहे. एक किंवा अधिक सेल एकत्र करून जे स्वतंत्र यंत्र उभे राहते, ते एनपार्टिशन. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, बूट वेगळे, आणि शेजारच्या भागात काही जळाले तरी याला झळ लागू नये इतकी विद्युत पातळीवरची फारकत. हे भाग पाडण्याच्या, जोडण्याच्या आणि तपासण्याच्या कमांड ऑपरेटिंग सिस्टीमबरोबरच येतात. यंत्राच्या वेगाबद्दल, किमतीबद्दल किंवा ते घ्यावे की नाही याबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. या कमांड वापरायला कशा आहेत, एवढेच सांगायचे आहे.

सुरुवात पारस्टेटसपासून करणे भाग आहे, कारण या संचातली सर्वांत उत्तम कमांड तीच आहे, आणि ती एकटीच असती तरी मी समाधानी राहिलो असतो. कॅपिटल सी हा पर्याय देऊन ती चालवली की प्रत्येक सेलची एक ओळ समोर येते. सेल कोणत्या कपाटात कितव्या जागी आहे, या क्षणी वापरात आहे की नाही, किती कोअर ठीक आहेत, किती बाद ठरवले आहेत आणि एकूण किती आहेत, मेमरी किती, कोणता चॅसिस जोडलेला आहे, हा सेल ‘कोअर सेल’, म्हणजे पार्टिशनचे कन्सोल सांभाळणारा सेल, होऊ शकतो की नाही, पुढच्या बूटला तो घ्यायचा आहे की नाही, आणि तो कोणत्या पार्टिशनचा आहे. सगळे एका नजरेत. ‘आठ, शून्य, आठ’ असे आकडे दिसले की जीव भांड्यात पडतो. ‘सहा, दोन, आठ’ दिसले की रात्री पडताळणीत दोन कोअर बाद झाले आहेत हे सकाळच्या चहाआधी कळते. स्मॉल डब्ल्यू दिला तर ती एका ओळीत सांगते की आपण स्वतः कोणत्या क्रमांकाच्या पार्टिशनवर आहोत. हा पर्याय वरवर पाहता निरर्थक वाटतो. चार खिडक्या उघड्या असलेल्या माणसाला मध्यरात्री तोच वाचवतो.

या तक्त्यातले खरे मर्म मात्र दोन रकान्यांत आहे. एक रकाना सांगतो की सेल आत्ता काय करत आहे, आणि दुसरा सांगतो की पुढच्या बूटला त्याने काय करावे असे ठरले आहे. हे दोन रकाने वेगळे ठेवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केलेला आहे. प्रत्यक्षातली स्थिती आणि कागदावरची स्थिती यांत फरक असू शकतो, हे बहुतेक साधने लपवून ठेवतात. पारस्टेटस तो फरक उघड मांडते. वाचणाऱ्याने वाचला नाही तर तो दोष तिचा नव्हे.

एकदा मी तो वाचला नाही. तिमाहीअखेरचे काम तोंडावर आले होते आणि क्रमांक एकच्या पार्टिशनला तीन नंबरचा सेल द्यायचा होता. रात्री डाउनटाइम मिळाला. पार्टिशनची रचना बदलणारी पारमॉडिफाय चालवली, ती यशस्वी झाल्याचा संदेश आला, आणि त्याच संदेशात स्पष्ट लिहिले होते की नवा सेल कामाला लावण्यासाठी पार्टिशन कॅपिटल आर पर्यायाने रिबूट करावे. मी ते वाचले, मान डोलावली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने शटडाउनला स्मॉल आर दिला. एवढे मोठे यंत्र स्वतःची मेमरी तपासत उठायला वेळ घेते, तो त्याने घेतला. लॉगिन केले तर मेमरी जुनीच. तक्त्यात तीन नंबरचा सेल पार्टिशन एकचाच दिसत होता, पुढच्या बूटला घ्यायचा असेही लिहिलेले होते, परंतु वापराच्या रकान्यात ‘इनॅक्टिव्ह’. फोनवर वरिष्ठांनी काय झाले ते विचारलेच नाही. एवढेच विचारले, “आर कोणता दिलास?” सुरू झालेला डेटाबेस पुन्हा खाली घेऊन दुसऱ्यांदा रिबूट करावे लागले, आणि ठरलेली वेळ पाऊण तासाने उलटली.

चूक माझीच होती, तरीही या रचनेबद्दल माझी तक्रार कायम आहे. स्मॉल आर म्हणजे साधे रिबूट: जे सेल आत्ता चालू आहेत तेच पुन्हा उठतात. कॅपिटल आर म्हणजे पुनर्रचनेसाठीचे रिबूट: पार्टिशनला नेमून दिलेले सगळे सेल, नवे धरून, तपासणी उरकून एका ठिकाणी थांबतात, तिथे त्यांना नवी रचना सांगितली जाते, आणि मगच ते एकत्र येऊन बूट होतात. कॅपिटल आर सोबत कॅपिटल एच दिला तर ते त्या थांब्यावरच राहतात आणि पुढे जायला व्यवस्थापन प्रोसेसरवरून, म्हणजे पार्टिशनांच्या बाहेरून यंत्र सांभाळणाऱ्या वेगळ्या प्रोसेसरवरून, हिरवा कंदील दाखवावा लागतो. तीन वेगवेगळी कामे, परिणाम एकमेकांपासून इतके दूर, आणि त्यांच्यातले अंतर कीबोर्डवरच्या शिफ्टच्या बटणाएवढे. इतक्या महागड्या यंत्रावर निदान एवढा प्रश्न तरी विचारायला हरकत नव्हती, की बदल प्रलंबित आहे, साधेच रिबूट करायचे आहे ना? शटडाउन ही कमांड असे काही विचारत नाही.

पारमॉडिफायची लेखनपद्धती हा दुसरा रुसवा. सेल जोडताना सेलचा क्रमांक, मग अपूर्णविराम, मग प्रकार, पुन्हा अपूर्णविराम, पुढच्या बूटला घ्यायचा की नाही, पुन्हा अपूर्णविराम, आणि सेल नापास झाला तर काय करायचे ते, अशी मालगाडी लिहावी लागते. मधल्या जागा रिकाम्या सोडल्या तर ठरावीक उत्तरे गृहीत धरली जातात, म्हणून अनुभवी माणसाच्या हातून क्रमांक आणि पुढे तीन अपूर्णविराम एवढेच लिहिले जाते. नवख्याला ते मोर्स कोडसारखे दिसते. गंमत अशी की शेवटच्या खान्यात चालणारे उत्तर एकच आहे, ‘आर-आय’. ज्या खान्याला एकच उत्तर आहे, तो खाना विचारायचाच कशाला? पुढेमागे दुसरा पर्याय देऊ, या आशेने तो ठेवला असावा, आणि आशा तशीच राहिली.

एवढे सोडले तर पारमॉडिफाय समंजस आहे. कोणता बदल लगेच लागू होतो आणि कोणत्याला रिबूट लागते, हे ती प्रत्येक वेळी सांगते. पार्टिशनचे नाव बदलायला काहीच थांबवावे लागत नाही. कोअर सेलसाठी पसंतीक्रम देता येतो, आणि तो द्यावाच, कारण पहिला सेल तपासणीत नापास झाला तर कन्सोल कोणाकडे जाणार हे आपण ठरवलेले बरे. चालू पार्टिशनमधून सेल काढला तर तो बदल प्रलंबित राहतो, आणि तोवर त्या पार्टिशनच्या रचनेवर जणू कुलूप असते. मध्येच विचार बदलला तर पारअनलॉक त्या कुलपाची किल्ली. ही कमांड मी १८ वर्षांत जेमतेम चार वेळा वापरली असेन, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाचा बदल आपण पुसत नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली. ती स्वतः तेवढी काळजी घेत नाही.

आता एक मोठा प्रश्न येतो, आणि त्यावर मत देताना मी अजूनही कचरतो. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर पार्टिशनचे व्यवहार एचएमसी नावाच्या वेगळ्या कन्सोलवरून चालतात. पार्टिशनच्या आतल्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरता येत नाही. एचपीने या कमांड ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतच ठेवल्या. त्यामुळे कोणत्याही पार्टिशनवर रूट असलेला माणूस दुसऱ्या पार्टिशनची रचना बदलू शकतो. सोय म्हणाल तर अफाट आहे: वेगळे यंत्र नको, वेगळा पासवर्ड नको, दुसऱ्या सर्व्हरवरून नाव आणि पत्ता देऊन दूरच्या कॉम्प्लेक्सचीही विचारपूस करता येते. पण चाचणीच्या पार्टिशनचा रूट ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती प्रॉडक्शनची चावीही जाते. यावर उपाय आहे, व्यवस्थापन प्रोसेसरवरची पारपर्म ही कमांड. ती लावली की आतल्या कमांडना आपल्या पार्टिशनपुरतेच हातपाय हलवता येतात. दुर्दैवाने तिची आठवण कोणालाच राहत नाही. माझा आग्रह असा राहील की यंत्र ताब्यात घेतल्यावर पहिल्या दिवशी कंट्रोल-बी दाबून व्यवस्थापन प्रोसेसरवर जावे आणि ही सेटिंग पाहून घ्यावी.

हार्डवेअरच्या कमांडकडे वळतो. यंत्राला जोडलेले हार्डवेअर शोधून त्याची यादी देणारी आयओस्कॅन ही सुपरडोमच्याही आधीची, आणि एचपी-यूएक्सवर काम केलेल्या माणसाच्या बोटांत ती कायमची राहते. तिने दाखवलेल्या हार्डवेअर पत्त्याचा पहिला आकडा म्हणजे सेलचा क्रमांक. त्यामुळे ‘चार’पासून सुरू होणारे सगळे पत्ते एकदम ‘नो-हार्डवेअर’ दाखवू लागले, तर डिस्क किंवा केबल तपासत बसण्याआधी चौथ्या सेलच्या चॅसिसकडे पाहावे, हे आपोआप सुचते. पत्त्यातूनच कपाटातली जागा कळणे, हा गुण आजच्या यंत्रांत मला फार आठवतो. मात्र कोणताही पर्याय न देता ती चालवली की ती खरोखर एकेक बस चाचपत जाते, आणि स्टोरेजचे शेकडो मार्ग असतील तर तुमचा चहा थंड होईपर्यंत परत येत नाही. स्मॉल के दिला तर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, जे आधीच ठाऊक आहे तेवढेच ती वाचते आणि क्षणात उत्तर देते. रोजच्या पाहणीला के, काही बदलले असेल तेव्हाच पूर्ण स्कॅन, असा आमचा शिरस्ता होता.

११आय व्ही३ मध्ये, म्हणजे २००७ साली, डिस्कच्या नावांची पद्धत बदलली. त्याआधी एकाच लनला, म्हणजे स्टोरेजवरून डिस्क म्हणून दिलेल्या भागाला, जितके मार्ग तितकी नावे असत, आणि नावात कंट्रोलर, टार्गेट, डिव्हाइस यांचे क्रमांक गुंफलेले असत; केबल दुसऱ्या पोर्टला लावली की नाव बदलले. व्ही३ ने प्रत्येक लनला एकच स्थिर नाव दिले आणि मार्ग त्याच्या पोटात घातले. जुनी नावेही चालू ठेवली, आणि दोन्हींचा मेळ दाखवण्याची सोय आयओस्कॅनमध्येच दिली. व्ही२ वरून व्ही३ वर जाताना आम्हाला सर्वांत जास्त समाधान कशाचे वाटले असेल तर या बदलाचे. नवे हार्डवेअर दिसत असूनही त्याची डिव्हाइस फाइल नसेल तर इन्सएफ ती तयार करते. तिच्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही, आणि कमांडबद्दल हीच खरी प्रशंसा.

फ्रूपॉवर आणि फ्रू-एलईडी या दोन छोट्या कमांडवर मात्र माझा विशेष लोभ आहे. पहिली सेलची किंवा चॅसिसची वीज चालू-बंद करते, आणि जो सेल वापरात आहे त्याला हात लावायला ठाम नकार देते. दुसरी दिवा लुकलुकवते. हसण्यासारखे वाटेल, पण हॉलमध्ये कपाटासमोर उभा असलेला इंजिनिअर आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेले तुम्ही, यांच्यात ‘डावीकडून पाचवा’ म्हणजे शून्यापासून मोजून की एकापासून, हा वाद ज्याने केला आहे, त्याला त्या दिव्याची किंमत विचारा. सेल शून्यापासून मोजतात. इंजिनिअर एकापासून मोजतो. दिवा लावावा आणि “लुकलुकतोय तो काढा” म्हणावे.

कार्ड चालू यंत्रात बदलण्यासाठी ओएलरॅड आहे. तिची खरी करामत कार्ड काढण्याआधी दिसते: या स्लॉटवरचे कार्ड गेले तर काय काय बंद पडेल याचा ती हिशेब मांडते, आणि रूट डिस्कचा एकमेव मार्ग त्यातून जात असेल तर पुढे जाऊ देत नाही. आम्ही नेटवर्कची आणि फायबर चॅनेलची कार्डे दिवसाढवळ्या बदलली आहेत, वापरणाऱ्यांना पत्ताही न लागता. तरीही तिच्या हिशेबाला डेटाबेस किंवा क्लस्टर यांच्या गरजा कळत नाहीत. ती यंत्रापुरते बोलते, त्यावर चालणाऱ्या कामाचे उत्तरदायित्व आपलेच.

राहिली पारओएलरॅड, जिच्याबद्दल विक्रेत्यांनी सर्वांत जास्त सांगितले आणि जी आम्ही सर्वांत कमी वापरली. सप्टेंबर २००७ च्या सुधारणेत ती आली आणि रिबूट न करता सेल आत घेण्याची व बाहेर काढण्याची सोय झाली. कॅपिटल आरच्या जाचातून सुटका, असे मला तेव्हा वाटले होते. अट अशी की बाहेर काढायचा सेल ‘बेस’ प्रकारचा चालत नाही, ‘फ्लोटिंग’च लागतो, आणि त्याची मेमरी सगळ्या सेलमध्ये पसरवून न ठेवता त्या सेलपुरतीच बांधून ठेवलेली असावी लागते. म्हणजे पार्टिशन उभारतानाच या दिवसाचा विचार केलेला असायला हवा. आमची पार्टिशने आधीच उभी होती, सगळे सेल बेस होते, आणि ते बदलायचे तर पुन्हा डाउनटाइम मागायचा. दुसऱ्या बाजूला पाहिले तर सनच्या ई१०००० यंत्रावर चालू स्थितीत बोर्ड काढण्याची सोय १९९७ पासून होती आणि आयबीएमने एआयएक्स ५.२ बरोबर २००२ साली प्रोसेसर व मेमरी चालत्या पार्टिशनमध्ये हलवून दाखवली होती. या बाबतीत एचपी उशिरा पोहोचली, आणि पोहोचली तेव्हा आमच्यासारख्यांचा संसार मांडून झाला होता. नव्याने पार्टिशन उभारत असाल तर निदान एक सेल फ्लोटिंग ठेवावा, एवढाच माझा सल्ला.

पारमॅनेजर नावाचा चित्रमय इंटरफेसही आहे. तो दिसायला सुबक आहे, बैठकीत दाखवायला उत्तम आहे, आणि एखादे काम करण्यासाठी कोणती कमांड चालवावी लागेल हे शिकण्यापुरता मी तो पहिले सहा महिने वापरला. नंतर गरज पडली नाही.

गेल्या महिन्यात आमचे यंत्र उतरवले. शेवटी एकच पार्टिशन उरले होते, आणि ते स्वतःवरूनच मोडायचे तर पाररिमूव्हला जबरदस्तीचा पर्याय द्यावा लागतो. तो दिला. तिने बजावले की हे पार्टिशन आत्ता चालू आहे, ते खरोखर जाण्यासाठी शटडाउनला कॅपिटल आर आणि कॅपिटल एच दोन्ही द्यावे लागतील. मी शिफ्टवर बोट ठेवून दोन्ही अक्षरे सावकाश टंकली आणि एंटर दाबण्याआधी ओळ एकदा मोठ्याने वाचली. सेल एकेक करून थांबल्यावर व्यवस्थापन प्रोसेसरवर सी-पी ही कमांड चालवली. एरवी तिथे प्रत्येक पार्टिशनची एक ओळ असते: जो सेल त्याचा, त्या जागी फुली, जो नाही त्या जागी टिंब. त्या रात्री वर शून्य ते सात असे जागांचे आकडे होते आणि खाली एकही ओळ नव्हती.